घरच्या घरी साधे उन्हाळी कपडे शिवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिवण शिकायला उन्हाळी कपड्यांइतकं चांगलं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. ते सैल असतात, त्यांना कॉलर-कॅनव्हास लागत नाही, अस्तरही क्वचितच लागतं, आणि सुती कापड मशीनखाली शहाण्यासारखं वागतं. मात्र हे कपडे घामेजल्या अंगाला थेट लागतात. त्यामुळे त्यांची आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच नीट शिवलेली हवी. खालची बरीच उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

शिवणकाम अजिबात येत नाही. पहिलं काय शिवू?

इलॅस्टिकचा घेराचा स्कर्ट. दोन आयताकृती तुकडे, बाजूच्या दोन सरळ शिलाया, वर इलॅस्टिक ओवायचा नेफा, खाली दुमड. एकही गोलाई नाही. सरळ टीप मारायचा सराव होतो, दुमडून इस्त्री करायला हात बसतो, आणि शेवटी खरोखर घालता येईल असा कपडा तयार होतो. घरात स्कर्ट कोणी घालत नसेल तर थेट पायजमा घ्या. त्यात आसनाची, म्हणजे दोन पाय जिथे जुळतात तिथली, एक गोलाई वाढते, बाकी सगळं तेच.

तिसरा कपडा बिनबाह्यांचा सैल टॉप. गळा आणि मुंढा (बाही जिथे बसते तो काखेभोवतीचा घेर) या दोन गोलाया त्यात शिकायला मिळतात. बाही हवीच असेल तर सुरुवातीला अंगाबरोबर एकसंध कापलेली मगयार बाही ठेवा. ती मुंढ्यात बसवावी लागत नाही, आणि काखेत मोकळी राहत असल्यामुळे गरमीत बरी पडते. कॉलर, चेन, काजं, अंगाबरोबर बसणारं फिटिंग हे सगळं नंतर. तेही अवघड नाही, पण हात बसल्यावर जे सहज जमेल त्यासाठी पहिल्याच कपड्यात कशाला झगडायचं?

मशीन नसेल तर हाताने शिवता येईल का?

येईल, आणि पातळ सुती कापडावर हातशिलाई सुंदर बसते. जोडाच्या शिलायांना हातटीप घाला, म्हणजे प्रत्येक टाक्याला सुई थोडी मागे नेऊन पुढे काढायची. नुसता धावदोरा ताण आला की उसवतो. तो चुण्या घालायला आणि कच्च्या शिलाईला ठेवा. आसन आणि मुंढा इथे टाके बारीक हवेत.

मशीन घेणार असाल तर सरळ टीप आणि मागे-पुढे शिवणं एवढं पुरतं. झिगझॅग टाका असेल तर कडा पक्क्या करायला सोय होते. शंभर प्रकारच्या नक्षीटाक्यांसाठी नवशिक्याने जास्त पैसे घालू नयेत.

उन्हाळ्यासाठी कोणतं कापड घ्यावं?

पहिल्या कपड्यासाठी कॅम्ब्रिक किंवा पातळ पॉपलिन. दोन्ही सुती, घट्ट विणीचे, कापताना न सरकणारे आणि घडी धरून ठेवणारे. हात बसला की वॉइल, मग मलमल. मलमल अंगाला सगळ्यात हलकी लागते, पण ती खेचली जाते आणि सुई बोथट असेल तर धागे ओढले जातात, म्हणून ती पहिल्या दिवशी नको. लिनन उन्हाळ्यात उत्तम. ते चुरगळणारच, ते चालत असेल तर बिनधास्त घ्या.

रेयॉन हाताला थंड आणि मऊ लागतं, झुळझुळीत पडतं, म्हणून मोह होतो. पण ते कापताना सरकतं, धुतल्यावर सुतीपेक्षा जास्त आटू शकतं आणि ओलं असताना कमजोर होतं. दोन-तीन सुती कपडे शिवून झाल्यावर त्याच्याकडे वळा. होजिअरीचं ताणणारं कापडही तसंच. त्याला गोल टोकाची सुई आणि ताणला जाणारा टाका लागतो.

पॉलिएस्टर टाळा. साधारण हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या 7 ते 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून साध्या विणीच्या पॉलिएस्टरमध्ये घाम कापडात न जिरता अंगावरच राहतो आणि चिकचिक होते. सुती म्हणून दिलेलं कापड खरंच सुती आहे का, हे कळायला त्याचे चार-पाच धागे चिमट्यात धरून पेटवून पाहा. जवळ पाणी ठेवा आणि हे मोरीत किंवा सिंकवर करा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि चुरली जाणारी राखाडी राख उरते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडात दोन्ही खुणा दिसतात.

पांढरा किंवा फिका रंगच घ्यायला हवा का?

फिका रंग ऊन कमी शोषतो, हे खरं. पण कपडा किती सैल आहे याचं महत्त्व मला रंगापेक्षा जास्त वाटतं. वाळवंटातले बेदुइन लोक काळे झगे का घालतात, यावर 1980 साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक अभ्यास छापून आला होता. काळा झगा जास्त तापतो, पण ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचत नाही, झग्याखालून वाहणारी हवा ती घेऊन जाते, असं त्यात दिसलं. काळा आणि पांढरा झगा घालणाऱ्याच्या अंगापर्यंत पोहोचणारी उष्णता सारखीच होती. म्हणून रंग आवडीचा घ्या आणि अंग व कापड यांच्यामध्ये हवेला जागा ठेवा.

दुपारच्या उन्हात बाहेर जायचं असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. कापड उजेडासमोर धरा. आरपार सगळं दिसत असेल तर सूर्याची अतिनील किरणंही बऱ्यापैकी आत येणार. उन्हात वापरायला पातळ पण घट्ट विणीचं कापड आणि लांब सैल बाही हा मेळ चांगला. अगदी विरळ मलमल घरात घालायला ठेवा.

कापड किती आणायचं?

आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. सुती कापडाचा पन्हा बहुतेक वेळा 36, 44 किंवा 58 इंच असतो, आणि त्यावरच सगळं गणित ठरतं. 44 इंच पन्ह्यात 30 इंच उंचीच्या घेराच्या स्कर्टला 2 मीटर पुरतं, खिशासकट. पायजम्यासाठी कंबरेपासून घोट्यापर्यंतची उंची दुप्पट करा आणि त्यात पाव मीटर मिळवा. बिनबाह्यांच्या टॉपला खांद्यापासूनच्या उंचीच्या दुप्पट आणि वर पाव मीटर.

मोठी नक्षी किंवा चौकडा असेल तर जुळवणीत कापड जातं, म्हणून अर्धा मीटर जादा घ्या. पहिल्यांदा शिवताना चौकडा, आडव्या रेघा आणि एकाच दिशेला उभी असलेली फुलं टाळलीत तर डोक्याला ताप कमी. बारीक, सगळीकडे विखुरलेली नक्षी सगळ्यात सोयीची. तीत वाकडी टीपही लपते.

कापायच्या आधी कापड धुवायलाच हवं का?

हो, हे टाळू नका. नवीन सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं, काही कापडं त्याहून जास्त. 40 इंच लांबीत 5 टक्के म्हणजे 2 इंच. न धुता शिवलेला कपडा पहिल्या धुण्यानंतर अपुरा होतो, आणि दोरा तेवढा आटत नाही म्हणून शिलायांवर चुण्या पडतात त्या वेगळ्याच.

तयार कपडा पुढे जसा धुणार, तसंच कापड धुवा. मशीनमध्ये धुणार असाल तर मशीनमध्ये, हाताने तर हाताने. पन्ह्याच्या दोन्ही कापलेल्या कडांना आधी मोठे टाके मारा, म्हणजे धागे सुटून गुंता होत नाही. गडद रंगाचं कापड पहिल्यांदा वेगळं धुवा. किंचित ओलसर असतानाच इस्त्री करून घ्या.

उभा धागा, आडवा धागा, उरेब ही काय भानगड आहे?

कापडाच्या दोन्ही बाजूंना जी न सुटणारी घट्ट किनार असते, तिला समांतर जातो तो उभा धागा. किनारीपासून किनारीपर्यंत जातो तो आडवा. उभ्या दिशेने कापड जवळजवळ ताणलं जात नाही, आडव्या दिशेने थोडं ताणलं जातं, आणि 45 अंशांच्या तिरक्या दिशेने, म्हणजे उरेब, चांगलंच ताणलं जातं. हातात धरून तिन्ही बाजूंना ओढून पाहा. लगेच कळतं.

कपड्याची उंची नेहमी उभ्या धाग्यावर घ्यायची. तुकडा जरा तिरका कापला गेला तर दोन धुण्यांनंतर पायजम्याचा एक पाय मांडीभोवती पिळल्यासारखा वळतो आणि बाजूची शिलाई पुढे येते. शिवण कितीही चांगली असली तरी हा दोष मग काढता येत नाही.

दुकानात कापड नेहमी धाग्यावरच फाडलं जातं असं नाही. म्हणून घरी आल्यावर कडेजवळचा एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढा. त्याच्या जागी बारीक रेघ दिसते, तिच्यावर कापा. सरळ कड मिळाली की कापड दुमडून किनारीला किनार लावा. कडा जुळत नसतील तर कापड तिरकं झालंय. दोघांनी समोरासमोरचे कोपरे धरून तिरकं ओढलं की ते जागेवर येतं.

पातळ कापड कापताना सरकतं. काय करू?

जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर खाली चादर अंथरा, कापड त्यावर धरून राहतं. टाचण्या माया (शिलाईसाठी कडेला सोडलेलं जादा कापड) असेल तिथेच टोचा. कात्रीचं खालचं पातं टेबलाला टेकवूनच चालवा, कापड उचलू नका. मलमलीला आधी हलकी खळ लावून इस्त्री केली तर ती कागदाइतकी कह्यात येते, शिवून झाल्यावर धुतलं की खळ जाते.

कापडाची कात्री वेगळी ठेवा आणि तिने कागद कापू नका. घरातल्या सगळ्यांना हे बजावून सांगा.

माप कसं घ्यायचं? मला बेतता येत नाही.

सुरुवातीला बेतायला शिकायची गरजच नाही. तुम्हाला छान बसणारा, न ताणणाऱ्या कापडाचा एखादा सैल कपडा घ्या. तो उलटा करून सपाट पसरा, मधोमध दुमडा आणि वर्तमानपत्रावर किंवा खाकी कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवा. त्याभोवती माया वाढवा. झाला तुमचा कागदी नमुना. टी-शर्टवरून मात्र नमुना काढू नका. तो ताणणारा असतो, त्या मापाचा सुती टॉप डोक्यातून जाणारच नाही.

अंगावरून माप घेत असाल तर छाती, कंबर, सीट (नितंबांचा घेर) आणि उंची पुरतात. टेप अंगाला टेकलेला हवा, आवळलेला नको. सैल टॉपला छातीच्या मापात 5 ते 6 इंच मिळवा. नवशिक्यांना हे फार वाटतं आणि ते दोन-तीन इंचांवर थांबतात, मग पाठीला कापड चिकटतं. शंका असेल तर मोठं कापा. मोठा कपडा आत घेता येतो.

पायजम्याच्या आसनासाठी कडक स्टुलावर ताठ बसा. कंबरेपासून बाजूने स्टुलाच्या पृष्ठभागापर्यंत टेप सोडा. त्यात 1 ते दीड इंच मिळवा.

विकतचा छापील नमुना वापरणार असाल तर त्यावरचे अंगाचे माप पाहा. तयार कपड्यांच्या दुकानातला तुमचा आकडा इथे चालेलच असं नाही. वेगवेगळ्या मापांत श्रेणी लावून छापलेले नमुने अमेरिकेत एबेनेझर बटरिक यांनी 1863 च्या सुमारास विकायला आणले. नमुन्यांचे आकडे आणि दुकानातले आकडे आजही बहुधा एकमेकांशी जुळत नाहीत.

माया किती सोडायची?

बाजूच्या शिलायांना अर्धा इंच, गळ्याला पाव इंच, खालच्या दुमडीला दीड इंच. मुलांच्या कपड्याला खाली तीन इंच ठेवा, पुढच्या वर्षी उसवून लांब करता येतो. मशीनच्या पट्टीवर सुईपासून अर्ध्या इंचावर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा आणि शिवताना नजर सुईवर न ठेवता त्या पट्टीवर ठेवा. टीप आपोआप सरळ येते.

सुई आणि दोरा कोणता वापरू?

मलमल, वॉइलला 9 किंवा 11 नंबरची सुई. कॅम्ब्रिक, पॉपलिनला 11, जाडसर लिननला 14. पाकिटावर 75/11 असं लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. 75 म्हणजे पाऊण मिलिमीटर. सुई स्वस्त असते आणि आठेक तास शिवल्यावर बोथट होते. तरी लोक ती मोडेपर्यंत वापरतात. टाके सुटायला लागले, कापडातून टक्-टक् आवाज यायला लागला, धागे ओढले जायला लागले, की सुई बदला.

दोरा चांगला घ्या. रिळातून थोडा उलगडून उजेडात धरा, लव जास्त दिसली तर तो बॉबिन केसमध्ये, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीत, कचरा करणार. टाक्याची लांबी 2 ते 2.5 मिलिमीटर ठेवा.

खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं होतं. मशीन बिघडलं का?

बहुधा नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर जवळजवळ दर वेळी एकच असतं: वरचा दोरा नीट ओवलेला नाही.

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा आणि बॉबिनचा दोरा कापडाच्या जाडीत मधोमध एकमेकांत अडकतात. एलियास हाऊ यांना 1846 मध्ये याच टाक्याच्या यंत्राचं अमेरिकन पेटंट मिळालं, आणि घरगुती मशीन आजही हाच टाका घालतं. वरच्या दोऱ्यावर ताण नसेल तर तो सैल होऊन खाली लोंबतो आणि जाळं होतं. म्हणजे जाळं खाली दिसलं तरी दोष वर असतो.

आता उपाय. प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, वर उचला. तो वर असतानाच ताणाच्या चकत्या उघडतात, खाली असताना ओवलं तर दोरा त्यांच्यात बसतच नाही. सुई सगळ्यात वर आणा. दोरा पूर्ण काढून पहिल्यापासून ओवा, वरखाली होणाऱ्या दांड्याच्या भोकातून तो गेला आहे ना ते पाहा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची शेपटं चारेक इंच लांब ठेवून मागे धरा आणि तीन-चार टाके झाल्यावर सोडा.

एवढं करूनही नीट येत नसेल तर वर एका रंगाचा आणि बॉबिनला दुसऱ्या रंगाचा दोरा घालून चिंधीवर टीप मारा. वरचा रंग खाली दिसला तर वरचा ताण वाढवा, खालचा रंग वर दिसला तर कमी करा. एका वेळी अर्धा आकडाच फिरवा. बॉबिन केसच्या छोट्या स्क्रूला शक्यतो हात लावू नका.

टाके मध्येच सुटत असतील तर सुई पाहा. घरगुती सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. दोरा ज्या बाजूने ओवता, त्याच्या विरुद्ध बाजूला ती सपाट बाजू हवी, आणि सुई वर पूर्ण सरकवून मग स्क्रू आवळलेला हवा.

इलॅस्टिकचा स्कर्ट कसा शिवायचा, पहिल्यापासून सांगा.

उदाहरणासाठी कंबर 30, सीट 38 आणि तयार उंची 30 इंच धरू. पाऊण इंच रुंदीचं इलॅस्टिक.

44 इंच पन्ह्यातून 33 इंच उंचीचे दोन तुकडे कापा. 30 इंच उंची, वर नेफ्यासाठी दीड, खाली दुमडीसाठी दीड. दोन्ही मिळून घेर साधारण 88 इंच होतो, वॉइल-कॅम्ब्रिकला तो झकास पडतो. कापड जरा जाड असेल तर प्रत्येक तुकड्यातून सहा-सात इंच रुंदी कमी करा, नाहीतर कंबरेवर चुण्यांचा ढीग होतो.

बाजूच्या दोन्ही शिलाया मारा. त्या फ्रेंच पद्धतीने मारल्या तर उत्तम, ती पद्धत पुढे सांगितली आहे. वरची कड आत पाव इंच दुमडून इस्त्री करा, मग सव्वा इंच दुमडून पुन्हा इस्त्री. या दुमडीच्या अगदी खालच्या कडेला टीप मारा आणि दोन इंच जागा उघडी ठेवा. नेफ्याच्या वरच्या कडेपासून सूतभर (इंचाचा आठवा भाग) आत आणखी एक टीप पूर्ण गोल फिरवा. या दुसऱ्या टिपेमुळे वरच्या कडेला बारीक झालर दिसते आणि आतलं इलॅस्टिक उलटंपालटं होत नाही.

इलॅस्टिकची लांबी कंबरेपेक्षा 3 इंच कमी आणि जोडाला 1 इंच जादा, म्हणजे इथे 28 इंच. एका टोकाला सेफ्टी पिन लावून ते नेफ्यातून ओवा. दुसरं टोक उघड्या जागेजवळ टाचणीने टाचून ठेवा, नाहीतर तेही आत ओढलं जातं. दोन्ही टोकं बाहेर आली की तात्पुरती पिन लावून घालून पाहा. बसून पाहा. उभ्याने बरोबर वाटलेलं इलॅस्टिक बसल्यावर रुतू शकतं. मगच टोकं एक इंच एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा आणि उघडी जागा बंद करा. चुण्या सारख्या करून दोन्ही बाजूंच्या शिलायांवर, इलॅस्टिकमधून आरपार, एक उभी टीप मारली की काम पक्कं.

शेवटी खालची दुमड. आत अर्धा इंच, मग एक इंच, इस्त्री आणि टीप.

पायजम्याचे दोन पाय जोडताना दर वेळी गोंधळ होतो.

आधी प्रत्येक पायाची आतली शिलाई वेगवेगळी मारून दोन नळ्या करा. एक नळी सुलट करा आणि उलट्या नळीच्या आत सरकवा, म्हणजे दोन्हींच्या सुलट बाजू एकमेकींना लागतात. आता आसनाची गोलाई समोरून मागपर्यंत एका दमात शिवता येते. तिथे दुसरी टीप पहिल्याच्या सूतभर बाहेर मारा, आसन पहिलं तिथेच उसवतं. मागचा भाग समोरच्यापेक्षा वर साधारण इंचभर उंच हवा आणि त्याची गोलाई जास्त लांब हवी, नाहीतर बसल्यावर पायजमा मागून खाली ओढला जातो.

गळा फुगतो, नाहीतर ताणला जाऊन लोंबतो. काय चुकतं?

गळ्याच्या गोलाईत ठिकठिकाणी कापड उरेब असतं, म्हणून नुसतं हाताळलं तरी ते ताणलं जातं. कापल्या कापल्या, दुसरं काहीही करायच्या आधी, कडेपासून सूतभर आत एक साधी टीप मारून ठेवा. हे एवढं केलं तरी निम्मी तक्रार मिटते.

मग उरेब पट्टी. 45 अंशांत सव्वा इंच रुंदीची पट्टी कापा. ती सुलट बाजूला सुलट ठेवून पाव इंचावर शिवा, आणि शिवताना पट्टी अगदी हलकी ओढून धरा, गळ्याचं कापड मात्र ओढू नका. पट्टी गळ्यापेक्षा थोडी आखूड बसली म्हणजे गळा अंगाला टेकून राहतो. शिलाईपर्यंत, पण शिलाई न कापता, अर्ध्या-अर्ध्या इंचावर मायेला छोटे काप द्या. माया पट्टीच्या बाजूला वळवून पट्टीवर कडेला एक टीप मारा. त्यामुळे पट्टी आतच राहते, बाहेर डोकावत नाही. मग पट्टीची मोकळी कड पाव इंच दुमडून सगळी पट्टी आत वळवा, इस्त्री करा आणि टीप किंवा तुरपाई करा.

गळा कापण्याआधी डोक्याचा घेर मोजा. मोठ्या माणसाचा तो बहुधा 21 ते 23 इंच असतो. बटण ठेवणार नसाल तर गळ्याचा तयार घेर त्याहून इंचभर तरी जास्त हवा. पण पहिल्यांदा लहानच कापा. गळा मोठा करता येतो.

ओव्हरलॉक मशीन नाही. आतल्या कडांचे धागे सुटतात.

उन्हाळी पातळ कापडाला ओव्हरलॉकपेक्षा फ्रेंच शिलाई कितीतरी चांगली, असं मी नेहमी सांगते. ओव्हरलॉकचा दोऱ्यांचा जाड पट्टा काखेत आणि कंबरेत घामाबरोबर टोचतो. फ्रेंच शिलाईत सगळ्या कच्च्या कडा आत बंद होतात, कुठेच काही बोचत नाही, आणि कपडा उलटा घातला तरी शोभेल इतका आतून स्वच्छ दिसतो.

अर्धा इंच मायेत ती अशी होते. तुकडे उलट बाजू एकमेकींना लावून ठेवा, म्हणजे नेहमीच्या अगदी विरुद्ध. पाव इंचावर टीप मारा. माया सूतभर उरेल इतकी कातरा आणि इस्त्री करून उघडा. आता सुलट बाजू आत घेऊन दुमडा आणि पुन्हा पाव इंचावर टीप. पहिल्या शिलाईची कड दुसऱ्या शिलाईच्या आत कैद होते. बाहेर धाग्याची मिशी दिसत असेल तर पहिली माया कमी कातरली गेली आहे.

आसनाच्या आणि मुंढ्याच्या गोलाईत ही शिलाई नवशिक्याला अवघड जाते. तिथे दोन समांतर टिपा मारून कडेला झिगझॅग करा, किंवा कडेला उरेब पट्टी लावून घ्या.

आरपार दिसतं. अस्तर लावू का?

पूर्ण अस्तर लावलं तर हवा कोंडते आणि पातळ कापड घेण्याचा हेतूच जातो. स्कर्टला गुडघ्यापर्यंतच मलमलीचं अस्तर लावा, नेफ्यात दोन्ही एकत्र धरून, खाली मोकळं सोडून. टॉपला फक्त पुढच्या वरच्या भागात दुहेरी कापड घेतलं तरी पुरतं. पांढऱ्या कापडाखाली पांढऱ्यापेक्षा अंगाच्या रंगाशी जुळणारं अस्तर कमी दिसतं.

प्रत्येक शिलाईनंतर इस्त्री करायची का?

हो. तुरपाईहूनही जास्त फरक इस्त्रीने पडतो. शिलाई एकदा जशीच्या तशी दाबा, मग उघडून दाबा. इस्त्री घासू नका, ठेवा आणि उचला, नाहीतर उरेब भाग ताणला जातो. सुती-लिननला पूर्ण तापलेली आणि पाण्याचा हलका फवारा, रेयॉनला मध्यम आणि उलट बाजूने.

खिसा लावता येईल?

जरूर लावा. बाहेरून लावायचा चौकोनी खिसा सगळ्यात सोपा: वरची कड दोनदा दुमडून शिवा, बाकी तीन बाजू अर्धा इंच आत वळवून इस्त्री करा, जागेवर टाचून कडेने टीप मारा. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत छोटा त्रिकोण शिवा, हात घालताना ताण तिथेच येतो.

लहान बाळासाठी शिवताना वेगळं काय पाहायचं?

गळ्याला किंवा टोपीला नाडी लावू नका, ती अडकून गळ्याला फास बसू शकतो. अगदी लहान बाळाच्या कपड्याला सुटी बटणं, मणी, टिकल्या नकोत. खांद्यावर उघडणारं झबलं करा आणि टिचबटणं पक्की लावा. सगळ्या शिलाया फ्रेंच असू द्या. काही जण झबल्याच्या शिलाया मुद्दाम बाहेरच्या बाजूला ठेवतात, तेही योग्यच आहे, कारण बाळाला काय टोचतंय ते सांगता येत नाही.

मध्येच चुकलं तर उसवू की तसंच पुढे जाऊ?

बसण्यावर परिणाम होत असेल, म्हणजे गळा, आसन, खांदा, तर उसवा. बाजूची टीप जरा नागमोडी झाली असेल तर पुढे चला. उसवताना दोरा जोराने ओढू नका. एका बाजूचा दर चौथा-पाचवा टाका कापा, मग दुसऱ्या बाजूचा दोरा अखंड निघून येतो. उसवल्यावर सुईची भोकं दिसत असतील तर पाण्याचा हात लावून इस्त्री करा, सुती कापडात ती बुजतात.

खालची दुमड एका बाजूला लांब दिसते.

घेरदार किंवा उरेब कापलेल्या कपड्याचं तिरकं कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. दुमड मारायच्या आधी कपडा एक दिवसभर हँगरला टांगून ठेवा. मग घालून ताठ उभं राहा आणि दुसऱ्या कोणाला तरी जमिनीपासून पट्टीने सारख्या उंचीवर खडूच्या खुणा करायला सांगा. कापड खुणांवर सारखं करा आणि अशा गोलाईला अरुंद दुमड घ्या, पाव इंच आणि पुन्हा पाव इंच. रुंद दुमड गोलाईवर कधीच सपाट बसत नाही.